रजासाहेबांची पापणी

डेपोत दीडशे गाड्या होत्या, चारशे ड्रायव्हर-कंडक्टर होते, वर्कशॉपमध्ये हातोडे आपटणारे साठ-सत्तर फिटर होते आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक मॅनेजर होता. पण भीती म्हणाल तर ती एकाच माणसाची. रजेच्या टेबलावरचा हेडक्लार्क. उंचीने बेताचा, आवाज हळू, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. तोंडावर त्यांना सगळे साहेब म्हणत, पाठ वळली की रजासाहेब. त्यांनी रजा दिल्याचं फारसं कुणाच्या आठवणीत नव्हतं, तरी नाव रजेवरूनच पडलं होतं.

रजासाहेबांनी एकतीस वर्षांत कुणावर आवाज चढवला नाही. गरजच पडली नाही. त्यांची पद्धत साधी होती. माणूस अर्ज घेऊन समोर उभा राहिला की ते अर्ज वाचत, चष्मा काढून अर्जावर ठेवत आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहत. बोलायचं काही नाही. पापणी लववायची नाही. दहा आकडे होईतो माणूस सरळ उभा राही, विसाला पाय बदले, तिसाला कान खाजवी आणि चाळिसाच्या आत आपणच बोलून जाई, "म्हणजे तसा ताप आत्ता नाही साहेब, पण उद्यापर्यंत येईल असं अंगात वाटतंय."

एका कंडक्टरची आत्या चार वर्षांत तीनदा वारली होती. तिसऱ्या खेपेला रजासाहेबांनी नुसतं बघितलं. कंडक्टरला घाम फुटला. म्हणाला, "साहेब, खरं सांगायचं तर ती कालच घरी जेवून गेली." अर्ज परत. आत्या पुढे पुष्कळ जगली, आणि त्याचं श्रेय डेपोत सगळे रजासाहेबांनाच देत.

स्वतःलाही त्यांनी सूट दिली नव्हती. एकतीस वर्षांत एक रजा नाही. मुलगी जन्मली त्या दिवशी ते सव्वाअकराला कामावर आले आणि त्या सव्वा तासाचा खुलासा स्वतःच स्वतःला लिहून फाईलला लावला.

ती मुलगी एकुलती एक. मोठी झाली, शिकली आणि मन बसलं ते याच डेपोतल्या एका ड्रायव्हरवर. आता हे घरी सांगायचं कसं, याचा दोघांनी बराच विचार केला असणार. शेवटी ड्रायव्हरने सरळ मार्ग धरला. चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात 'स्वतःचे लग्न'. खाली वधूचं नाव, वडिलांच्या नावासकट.

रजासाहेबांनी चष्मा काढला. बघायला सुरुवात केली. ड्रायव्हर घाटातला माणूस, समोरून ट्रक आला तरी नजर न हलवणारा. चाळीस झाले, पन्नास झाले, शंभर झाले. ड्रायव्हर जागचा हलला नाही. रजासाहेबांच्या पद्धतीप्रमाणे कारण खरं ठरलं होतं. पंचाईत तीच झाली. खोटं असतं तर परत करणं सोपं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि शेरा लिहिला, 'कारण पुरेसे वाटत नाही. नामंजूर.' वर शिक्का मारला.

लग्न साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झालं. नवरदेवाने दुसऱ्या दिवशी सकाळी पाच चाळीसची पहिली गाडी वेळेवर काढली.

तेव्हापासून तीन वर्षं मुलगी माहेरची पायरी चढली नव्हती. आणि जावयाने तीन वर्षांत एकही रजा मागितली नव्हती. तापात गाडी चालवली, दाढदुखीत चालवली, पण अर्ज घेऊन त्या टेबलासमोर आला नाही. डेपोत दर वर्षी सर्वोत्तम हजेरीचं प्रमाणपत्र निघे. तीनही वर्षं ते त्यालाच गेलं, कारण दुसरं कुणी जवळपाससुद्धा नव्हतं. शिफारस करायची हेडक्लार्कने, सहीही हेडक्लार्कचीच. सासऱ्याकडून जावयाला काय मिळालं म्हणाल, तर ही तीन प्रमाणपत्रं.

आपण आजोबा झालो हेही रजासाहेबांना कागदावरूनच कळलं. कुटुंबाच्या यादीत नाव वाढवायचा फॉर्म टेबलावर आला. 'मुलगी, वय एक महिना.' त्यांनी फॉर्म तपासला. काही चूक नव्हती. त्यांनी तो पुन्हा तपासला. जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्यांदा तपासला आणि मग पुढे पाठवला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

घरी बायको रोज संध्याकाळी मुलीशी फोनवर बोलत असे. दाराशी चप्पल वाजली की म्हणे, "बरं ठेवते, ऑफिस आलं." रजासाहेब पाय धुऊन येत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "कोण होतं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरशी अर्धा तास?"

"स्वभावाने चांगला होता."

पुढचं त्यांना विचारायचं असे. पोरगी बोलायला लागली का, कुणासारखी दिसते, दात किती आले. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तेवढं उघडत नव्हतं.

आता त्यांच्या मधुमेहाचं. तो अकरा वर्षांचा होता आणि रजासाहेबांनी त्याला अर्जासारखंच वागवलं होतं, म्हणजे विचाराधीन ठेवलं होतं. गोळी आठवली तर घेत. रिपोर्ट आला की चार घड्या घालून टेबलाच्या खालच्या खणात. त्याच खणात, जुन्या शिक्क्यांच्या डबीमागे, क्रीमच्या बिस्किटांचा पुडा असे. चारशे माणसांचं खोटं पकडणाऱ्या टेबलात एवढा एक पुडा लपलेला होता, आणि तो कुणी पकडला नव्हता. म्हातारा शिपाई सोडून. पण तो बोलत नसे, फक्त अधूनमधून दोन बिस्किटं कमी करत असे.

त्या वर्षी डोळ्यांचं सुरू झालं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी उठल्यापासूनच. डोळ्यांत कुणी चिमूटभर वाळू टाकून वर झाकण लावल्यासारखं. पापणी हलवली की खरखर, उजेडाकडे बघितलं की चुरचुर. अर्जाची अक्षरं कधी स्पष्ट, कधी पाण्याखाली गेल्यासारखी. रजासाहेबांनी चौकशी बसवली आणि एकेक आरोपी पकडला. प्रथम डिझेलचा धूर. मग फायलींची धूळ. मग नवी ट्यूबलाईट. टेबलफॅन थेट तोंडावर होता, पण तो गार वाटे म्हणून निर्दोष सुटला. बोटाच्या पेराने डोळे चोळणं हा मुख्य उपाय. त्याने मिनिटभर बरं वाटे आणि नंतर दुप्पट टोचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने लाली घालवायचे थेंब दिले. दोन दिवस डोळे नव्या पांढऱ्या कपबशीसारखे झाले, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा लाल.

बायको म्हणाली, "अहो, साखर तपासून घ्या एकदा."

"साखरेचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

"जिभेचा आणि साखरेचा तरी कुठे आहे म्हणता तुम्ही. पण खिशात बिस्किटाचा चुरा सापडतो."

अशात एके सकाळी एक फिटर अर्ज घेऊन आला. तीन दिवस, आई आजारी. रजासाहेबांना वाक्यातच वास आला. त्यांनी चष्मा काढला आणि बघू लागले. दहा. वीस. पंचवीसला वाळू टोचायला लागली, पण पापणी लववायची तर एकतीस वर्षांची पुण्याई जाते. त्यांनी डोळे ताणून धरले. तिसाला दोन्ही डोळे भरून आले, एक थेंब नाकाच्या बाजूने घरंगळला आणि बरोबर अर्जातल्या 'आई' या शब्दावर पडला.

फिटरचं तोंड उघडं राहिलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, तोही रडू लागला. रजासाहेबांना आता समोर नुसता एक हलणारा खाकी डाग दिसत होता. तो डाग लवकर जावा म्हणून त्यांनी अंदाजाने सही केली.

कँटीनमध्ये ही बातमी चहाच्या आधी पोचली.

"साहेब रडले?"

"रडले म्हणजे काय, टपटप."

"कुणासाठी?"

"माझ्या आईसाठी."

"तुझी आई तर धडधाकट आहे, काल बाजारात भांडत होती."

"म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं."

दुपारपर्यंत यावर तीन मतं झाली. एकाचं म्हणणं, निवृत्ती जवळ आली की माणूस मऊ होतो. दुसऱ्याचं म्हणणं, हा डाव आहे, सावध राहा. पण एका जुन्या कंडक्टरीण बाईंनी कप खाली ठेवून सांगितलं, "मुलीसाठी रडतात ते. तीन वर्षं दाबून धरलं होतं, आता फुटलं." हे मत सगळ्यांना पटलं, कारण त्यात रजा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती.

दुसऱ्या दिवशी रजेच्या टेबलासमोरची रांग वर्कशॉपपर्यंत गेली. आठवड्यात एकसष्ट अर्ज. डेपोतल्या आत्या, मावश्या, चुलत सासरे पटापट आजारी पडले. रजासाहेब चष्मा काढत, बघत आणि तिसाच्या आत डोळे भरून येत. समोरचा हळव्या आवाजात म्हणे, "असू द्या साहेब, होतं असं कधीकधी," आणि मंजूर अर्ज घेऊन जाई. एका ड्रायव्हरने तर जाताना आपला रुमाल ठेवला.

शनिवारी मॅनेजरने बोलावलं. "अकरा गाड्या उभ्या आहेत. चालवायला माणूस नाही. काय चाललंय?"

"डोळ्यांना पाणी येतं," रजासाहेब म्हणाले.

"कळतं मला," मॅनेजर एकदम हळू आवाजात म्हणाला आणि उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

आजवर डेपोत त्यांच्या पाठीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. धूर, धूळ, वाळू सगळं त्यांनी सोसलं असतं, हा हात सोसला नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे रजा न घेता, ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली, पाच मिनिटांनी काढली आणि किती भिजली ते बघितलं. मग म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे कोरडे आहेत."

रजासाहेबांनी खिशातून रुमाल काढून पुराव्यासारखा टेबलावर ठेवला. ओलाचिंब होता. "हा सकाळचा," ते म्हणाले. "दुसरा घरी वाळत घातलाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "डोळ्यावर एक पातळ ओला थर लागतो. त्यात थोडं तेल असतं, म्हणून तो उडून जात नाही. तो तुमच्याकडे टिकत नाही. मग डोळा सुकतो, टोचतो, चिडतो. आणि चिडला की भसाभस साधं पाणी सोडतो. ते गालावरून वाहून जातं, डोळा कोरडाच."

"म्हणजे पाणी खोटं."

"तसं समजा."

रजासाहेबांनी रुमालाची घडी घातली. समोरच्याचं खोटं पकडण्यात जन्म गेला आणि स्वतःचेच डोळे महिनाभर खोटा अर्ज करत होते.

"साखर किती असते?"

त्यांनी सवयीने चष्मा काढला आणि डॉक्टरीणबाईंकडे बघू लागले.

"हे आत्ता जे करताय ना, ते आधी बंद करा," त्या म्हणाल्या.

"काय करतोय?"

"पापणी लववत नाही. माणूस मिनिटाला पंधरा वेळा तरी लववतो. मी मघापासून मोजतेय, तुम्ही तीन-चारच्या वर जात नाही. पापणी म्हणजे डोळ्याचा वायपर आहे. तुमच्याकडे गाड्यांना असतात ना? ते बंद ठेवून गाडी काढू देता का?"

रजासाहेबांनी चष्मा परत लावला.

मग बाईंनी एकेक सांगितलं. डोळे चोळायचे नाहीत. लालीचे थेंब टाकून द्यायचे. हे दुसरे थेंब, ओलावा देणारे, दिवसातून चार वेळा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ कोमट ओलं फडकं मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं, मग पापण्यांच्या कडा हलक्या हाताने पुसायच्या. फॅनचं तोंड दुसरीकडे. "आणि मुख्य म्हणजे साखर. ती वाढलेली राहिली की डोळ्यांना पाणी सोडायला सांगणाऱ्या नसा मंदावतात. पुढे पुढे टोचणंसुद्धा कळेनासं होतं. टोचायचं थांबलं म्हणून खूश होऊन येणं बंद करू नका. आतला पडदा कधी तपासलाय?"

"अजून नाही."

"अकरा वर्षांत एकदाही नाही?"

रजासाहेबांनी बघितलं आणि मग, आठवून, पापणी लववली.

"काका, पडद्यावर काही सुरू झालं असलं तर ते तुम्हाला सुरुवातीला कळत नाही. तपासलं तर मला कळतं. त्यासाठी बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागतात. चार-पाच तास जवळचं दिसत नाही, ऊन सोसत नाही. एकटे येऊ नका. एक दिवस रजा टाका आणि घरचं कुणीतरी सोबत आणा."

एक दिवस रजा आणि घरचं कुणीतरी. रजासाहेब जिना उतरले ते या दोन्ही गोष्टी कुठून आणायच्या याचा विचार करत.

थेंबांचं प्रकरण घरी सुरू झालं. एकतीस वर्षं ज्या पापणीने हार मानली नव्हती, ती थेंब येताना दिसला की फटकन मिटे. पहिला थेंब कपाळावर, दुसरा कानात, तिसरा मिशीत. बायकोने हात लावून बघितला, तर तिला बाटलीचं टोक दिसेना आणि त्यांना धीर धरवेना. "अहो, चारशे माणसांना घाबरवता आणि एका थेंबाला घाबरता?" शेवटी ऑफिसात शिपायाने काम हातात घेतलं. तो खुर्चीमागे उभा राहून त्यांची मान मागे धरी आणि म्हणे, "साहेब, पंख्याकडे बघा. पंख्यावर कावळा बसलाय." पंख्यावर कावळा कसा बसेल हे बघायला साहेब डोळे उघडत आणि थेंब आत. दार बंद असे, पण दाराला काच होती. बाहेरची रांग हा सोहळा रोज बघे.

पापणीचं कामही शिपायाकडेच आलं. साहेबांची नजर कुणावर खिळली की तो कोपऱ्यातून खाकरे आणि सांगे, "पापणी, साहेब." समोरचा माणूस विसाव्या आकड्याला कान खाजवायच्या बेतात असे, तेवढ्यात साहेब पटपट चार वेळा डोळे मिचकावत. सगळा दरारा गेला. नुसतं बघून भागेना, तेव्हा बोलावं लागलं. "काय झालंय आईला? कधीपासून? घरी आणखी कोण आहे?" गंमत म्हणजे लोक खरं सांगू लागले. थोडा वेळ लागे, पण काही जणांची आई खरोखरच आजारी निघाली. आधीच्या वर्षांत त्यातल्या कितींना परत पाठवलं असेल, हा हिशोब मात्र रजासाहेबांनी केला नाही. एक-दोनदा करायला घेतला आणि ठेवून दिला.

तीन महिने गेले. गोळी वेळेवर, संध्याकाळी चालणं, कोमट फडकं, थेंब. बिस्किटांचा पुडा शिपायाला देऊन टाकला. अर्धा त्यानेच खाल्लेला होता, त्याने उरलेल्याबद्दल आभार मानले. साखर खाली आली, तळाला नाही, पण अर्ध्या जिन्यापर्यंत. डोळ्यांतली वाळू बारीक झाली. दुपारी कधी टोचे, थेंब घातला की बसे. आणि पाणी थांबलं.

डेपोत हळहळ पसरली. "साहेब बरे झाले," फिटर म्हणाला. "आता मेलो."

एक गोष्ट तेवढी राहिली होती. रजासाहेबांनी पडदा तपासणीसाठी एक दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. हेडक्लार्कचा अर्ज जातो मॅनेजरकडे, पण हेडक्लार्कच्या शेऱ्यासकट. त्यांनी तो समोर ठेवला, चष्मा काढला, नियमाप्रमाणे वाचला आणि खाली लिहिलं, 'अर्जदारास तूर्त दिसते. कारण पुरेसे वाटत नाही.' अर्ज खणात गेला, बिस्किटांच्या मोकळ्या जागेत. पुढच्या महिन्यात दुसरा लिहिला. त्यावरही तोच शेरा.

बायकोने विचारलं, "कधी जायचंय?"

"बघू."

"मी येते सोबत."

"तुझे गुडघे. तीन मजले आहेत."

"मग दुसऱ्या कुणाला सांगा."

"कुणाला सांगू?" ते म्हणाले आणि फडकं डोळ्यांवर ठेवून पडून राहिले. गुडघ्यांचं कारण खरं होतं, रजेचंही होतं. पण खालचं कारण त्यांनी कुठल्या रकान्यात लिहिलं नव्हतं. पडद्यावर काही निघालं तर? दिसायचंच कमी झालं तर जी पोरगी एकदाही बघितली नाही ती कशी बघायची? तपासलं नाही तोवर काही निघालेलं नाही, असा त्यांचा कारभार चालला होता.

बायको स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून राँग नंबरशी बोलल्याचा आवाज आला.

चार दिवसांनी रांगेत चौथ्या जागी जावई उभा होता.

पुढचे तिघं कधी बाजूला झाले कळलं नाही. जावयाने अर्ज टेबलावर ठेवला. तीन वर्षांतला पहिला. एक दिवस. कारण, 'सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे.'

रजासाहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढून अर्जावर ठेवला. बघू लागले. जावईही बघू लागला. वर्कशॉपमधले हातोडे तेवढे वाजत होते. दहा. वीस. शिपाई कोपऱ्यात उभा होता, पण या वेळी खाकरला नाही. पंचविसाला जुनी वाळू आली. तिसाला रजासाहेबांनी पापणी लववली. एकदा, मग दोनदा. बघून जमेना, तेव्हा विचारावं लागलं.

"सासऱ्यांनी सांगितलं का न्यायला?"

"नाही साहेब."

"मग?"

"त्यांची मुलगी म्हणाली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा स्वतःची रजा टाकणार नाहीत. आणि टाकलीच तर मंजूर करणार नाहीत."

रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

रजासाहेबांनी आवाज खाली घेतला. "ते मुलीसाठी रडतात असं काही तिच्या कानावर आलं असेल. ते खरं नाही. खोट्या कारणावर रजा देता येत नाही. त्यांचे डोळे कोरडे आहेत, म्हणून पाणी यायचं."

"माहीत आहे तिला. आईंनी सगळं सांगितलंय."

"राँग नंबर," रजासाहेब पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तुमची हजेरी मोडेल. यंदाचं प्रमाणपत्र जाईल."

"जाऊ द्या. तीन आहेत घरी. तिन्हींवर एकच सही आहे. मुलगी त्यावर बोट ठेवून आजोबा म्हणते."

रजासाहेबांनी चष्मा लावला. लावल्यावरही अक्षरं पाण्याखालीच होती. त्यांनी खिसा चाचपला, थेंबांची बाटली हाताला लागली, पण काढली नाही. मंजूर अर्जावर कारण लिहायची पद्धत नसते. त्यांनी लिहिलं, 'कारण पुरेसे आहे.' सही केली. मग खालचा खण उघडून आपला अर्ज काढला, स्वतःच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि नियमाप्रमाणे रेघेच्या शेवटी आद्याक्षरं केली.

गुरुवारी दवाखान्याचे तीन मजले जावयाने त्यांना कोपराला धरून चढवले. नर्सने थेंब घातले. पंख्यावर कावळा नव्हता, तरी दुसऱ्या प्रयत्नात जमलं. "डोळे मिटून बसा अर्धा तास," ती म्हणाली. रजासाहेब बाकावर मिटून बसले. थोड्या वेळाने शेजारी कुणी येऊन बसल्यासारखं झालं. त्यांनी पापण्या हलवल्या.

"उघडू नका, थेंब बाहेर येईल," शेजारून आवाज आला.

"कोण?"

"राँग नंबर," मुलगी म्हणाली.

रजासाहेबांनी डोळे उघडले नाहीत. सांगितलेलं पाळायचा त्यांचा स्वभाव होता. मिटल्या पापणीतून पाणी आलं ते थेंबाचं की आणखी कशाचं, याची चौकशी त्यांनी लावली नाही. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाचं कारण खरं होतं. रजा द्यायला हवी होती."

"चार दिवसांची," मुलगी म्हणाली.

"चार दिवसांची," त्यांनी कबूल केलं.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या उजेडात बराच वेळ बघितलं. पडद्यावर दोन-चार बारीक ठिपके निघाले. सुरुवात आहे, त्या म्हणाल्या, आज काही करायचं नाही, पण साखर, रक्तदाब धरून ठेवायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. कोरडेपणाही असा एका बाटलीत जाणारा नाही, थेंब चालूच. "रजा मिळेल ना?" त्यांनी विचारलं.

"सोबतच्यांना विचारावं लागेल," रजासाहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर बाकाजवळ एक लहान, पिवळा डाग त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की जवळचं काही नीट दिसेना. दोन वर्षं ज्या पोरीला बघायचं होतं, ती हातभर अंतरावर उभी होती आणि तिचं नाक कुठे, कान कुठे, पत्ता लागत नव्हता. त्यांनी मान मागे नेली, आणखी मागे नेली, भिंतीला डोकं टेकवलं, तेव्हा कुठे दोन डोळे दिसल्यासारखे झाले. ते त्यांच्याकडे रोखून बघत होते.

दहा झाले. वीस झाले. पोरगी हलली नाही, हसली नाही, पापणीही लववेना.

"ही डोळे का लववत नाही?" रजासाहेबांनी विचारलं.

"कुणावर गेलीय कोण जाणे," मुलगी म्हणाली.

पंचविसाला रजासाहेबांनी पाय बदलले. तिसाला कान खाजवला.

"काय गं?" ते म्हणाले. "बघतेस काय अशी? काल शिपायाकडून एक बिस्किट खाल्लं, तेवढंच."

"बाबा," मुलगी म्हणाली, "एक?"

त्यांनी पोरीकडे बघितलं. पोरगी तशीच बघत होती.

"दोन," रजासाहेब म्हणाले, आणि तेव्हा कुठे पोरीची पापणी लवली.